घरातलं ॲसिड आणि आपली कातडी : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हातावर ॲसिड सांडलं. सगळ्यात आधी काय करायचं?

पाणी. नळ सोडा आणि हात धारेखाली धरा. डॉक्टरांना फोन, शेजाऱ्यांना हाक, मोबाईलवर शोधाशोध हे सगळं नंतर, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा. धार जोराची नको, पण सतत वाहती हवी, आणि निदान वीस मिनिटं हवी. घड्याळ बघूनच वीस मिनिटं मोजा. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत आग कमी झाली की नळ बंद करतात आणि पुसून मोकळे होतात. कातडीत मुरलेलं ॲसिड मात्र तेवढ्यात निघालेलं नसतं.

धुता धुता अंगठी, बांगड्या, घड्याळ, हातातला दोरा काढून टाका. अंगठीखाली ॲसिड साचून राहतं, शिवाय बोट सुजलं की ती अंगठी पुढे कापूनच काढावी लागते. कपड्यावर सांडलं असेल तर कपडा लगेच उतरवा. भिजलेला कपडा अंगावर ठेवून वरून पाणी ओतण्यात अर्थ नाही. टी-शर्ट डोक्यावरून ओढू नका, तेच ॲसिड चेहऱ्याला लागेल. पुढून कात्री चालवा. पाण्याचा ओघळ चांगल्या कातडीवरून जाणार नाही असं अंग तिरकं धरा. पाणी साधं असावं, बर्फाचं नको. लहान मूल असेल तर ते गारठत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं. वाहता नळ कुठून आणायचा?

बादली आणि तांब्या चालतो. तांब्यामागून तांब्या, मध्ये थांबायचं नाही. पिंपातलं, टाकीतलं, हंड्यातलं, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते वापरा. पिण्याचं पाणी वाया जाईल हा हिशेब त्या वेळी करू नका. हात बादलीत बुडवून बसणं मात्र वाहत्या पाण्याइतकं चांगलं नाही, कारण ॲसिड त्याच पाण्यात राहतं.

टँकरवर दिवस काढणाऱ्या घरात माझा एकच आग्रह आहे: बाटलीचं झाकण उघडण्याआधी दोन बादल्या भरून जवळ ठेवा. बादल्या भरलेल्या नसतील तर त्या दिवशी संडास घासू नका.

हळद, तूप, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, यांतलं काय लावावं?

काहीही नाही. टूथपेस्टने गार वाटतं ते तिच्यातल्या मेंथॉलमुळे, भाजणं त्याने कमी होत नाही. तूप आणि तेल ॲसिडला कातडीवर धरून ठेवतात. हळद लावली की जखमेचा रंगच दिसत नाही, आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते रंगावरूनच बरंचसं ठरवायचं असतं. मग दवाखान्यात ती हळद खरवडून काढावी लागते, त्या वेदना वेगळ्या.

ॲसिडवर खाण्याचा सोडा टाकला की ते मरतं, असं शाळेत शिकलो होतो. मग कातडीवर का नको?

शाळेतलं खरंच आहे. आम्ल आणि त्याच्या उलट टोकाची अल्कली एकत्र आले की मीठ आणि पाणी तयार होतं. पण त्यात उष्णताही बाहेर पडू शकते, आणि ती तुमच्या आधीच भाजलेल्या हातावर पडते. शिवाय सोड्याचा डबा शोधण्यात, चमच्याने तो भिजवण्यात जी दोन मिनिटं जातात, ती पाण्याची असतात. सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी ठेवा. तिथे तो उत्तम काम करतो: कडेकडेने टाकत मध्याकडे या, फसफस थांबली की भरपूर पाण्याने धुऊन काढा.

डोळ्यात उडालं तर?

हे सगळ्यात वाईट, आणि इथे सेकंदांचा हिशेब आहे. डोकं त्या डोळ्याच्या बाजूला कलतं करा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. बोटांनी वरची-खालची पापणी ताणून धरा आणि नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे पाणी सोडत राहा. डोळा आपोआप घट्ट मिटतो, त्यामुळे दुसऱ्या माणसाला पापण्या धरायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा. वीस मिनिटं झाली की थेट नेत्रतज्ज्ञ गाठा, आणि शक्य असेल तर रिक्षात बसूनही बाटलीने पाणी सोडत राहा. गुलाबपाणी नको, मध नको, घरात उरलेले जुने थेंब तर नकोच नको.

पोराच्या डोळ्यात चुना गेला. चुना म्हणजे ॲसिड नाही ना?

नाही, चुना त्याच्या उलट टोकाचा, म्हणजे अल्कली आहे. आणि म्हणून तो जास्त घातक आहे. ॲसिड कातडीतली किंवा डोळ्यातली प्रथिनं गोठवतं, अंडं शिजल्यावर पांढरं होतं तसं, आणि तो गोठलेला थर पुढे जाणाऱ्या ॲसिडला थोडी आडकाठी करतो. अल्कली मात्र पेशींमधली चरबी विरघळवत आत आत जाते. वरून विशेष काही दिसत नाही आणि आत बुबुळ पांढरं पडत जातं.

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. नेत्ररुग्णालयांना ही केस चांगली ओळखीची आहे. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर चुन्याची डबी औषधांसारखी उंचावर ठेवायची, बाकी चर्चा नंतर. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि तासन्‌तास जळत राहतात, म्हणून पाणी मारून डोळा बरा वाटला तरी डॉक्टरांना पापणी उलटून बघू द्या.

रंगकामासाठी कळीचा चुना भिजवतानाही जपा. पाणी पडलं की तो उकळतो आणि शिंतोडे उडतात. दिवाळीआधी अंगणात पिंप ठेवून चुना विरवायचा असेल तर मुलांना आत ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा घाला. कोरडा चुना किंवा ब्लीचिंग पावडर अंगावर पडली तर आधी कोरड्या फडक्याने झटका आणि मग धुवा. हा एक अपवाद सोडला तर पाणी कायम पहिलं.

दुकानातला टॉयलेट क्लीनर आणि हातगाडीवरचं सुटं ॲसिड, फरक काय?

दोन्हींत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लच असतं. फरक आहे तो तीव्रतेचा आणि माहितीचा. कंपनीच्या बाटलीत ते साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतं, घट्ट केलेलं असतं म्हणजे उडत कमी, झाकण मुलांना सहज न उघडणारं असतं आणि लेबलवर आत काय आहे ते छापलेलं असतं. हातगाडीवरच्या बाटलीत किती टक्के आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कारखान्यात वापरायचं हायड्रोक्लोरिक ३० टक्क्यांच्या वर असतं. झाकण उघडल्यावर तोंडाशी पांढरा धूर दिसला तर तेच समजा.

माझं मत स्पष्ट आहे: सुटं ॲसिड घरात आणूच नये. दहा-वीस रुपये वाचतात आणि बिनलेबलाची, बिनरंगाची, पाण्यासारखी दिसणारी वस्तू मोरीच्या कोनाड्यात येऊन बसते. तीही बहुतेक वेळा मिनरल वॉटरच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. रात्री अंधारात तहान लागलेल्या माणसाने ती तोंडाला लावली, तर दोष त्याला कसा द्यायचा?

ॲसिड टाकल्यावर वरून ब्लीचिंग पावडर टाकली तर स्वच्छता जास्त होते का?

अजिबात करू नका. गावात विहिरीत टाकायला येते ती टीसीएल पावडर, कपड्यांचं द्रव ब्लीच आणि फरशी पुसायचे काही जंतुनाशक यांच्यात हायपोक्लोराइट असतं. त्याला ॲसिड भेटलं की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. चार बाय चारच्या, बंद खिडकीच्या संडासात थोडासाही पुरतो.

डोळे चुरचुरू लागले, घसा आवळल्यासारखा झाला, खोकला थांबेना, तर बाटल्या आवरत बसू नका. तसेच बाहेर या, दार उघडं ठेवा, मोकळ्या हवेत बसा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं तरी पुढे काही तासांनी दम लागू शकतो, छातीत पाणी होऊ शकतं. दम्याच्या रुग्णाने तर थेट दवाखाना गाठावा. दोन वेगळ्या वस्तूंनी घासायचंच असेल तर वेगळ्या दिवशी घासा आणि मध्ये भरपूर पाणी ओता.

सिंक तुंबलं म्हणून ड्रेन पावडर टाकली, काही झालं नाही. आता ॲसिड टाकू?

नको. त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, म्हणजे तीव्र अल्कली. तो पाइपमध्ये अडकलेला असताना वरून ॲसिड गेलं की आतलं पाणी उकळून तोंडावर उसळतं. प्लंबर बोलवा, आणि आत काय टाकलंय ते त्याला आधी सांगा. बिचारा हात घालणार असतो.

संडास घासताना हात झोंबतात, नखांभोवतीची कातडी निघते. हातमोजे कोणते?

जाड रबरी, कोपराच्या जवळपास येणारे. दवाखान्यातले पातळ पांढरे नव्हेत, आणि सुती तर नाहीतच, ते ॲसिड शोषून कातडीला चिकटवून ठेवतात. वापरण्याआधी मोज्यात पाणी भरून गळतं का ते बघा, कारण भोक पडलेला मोजा हा मोजा नसण्यापेक्षा वाईट: आत शिरलेलं ॲसिड तिथेच राहतं आणि तुम्ही निर्धास्त असता. बाह्या मोज्यांच्या आत खोचू नका, मोजे बाह्यांच्या आत घाला. पायात सपाता नकोत, बंद रबरी चप्पल बरी. गरम पाणी ओतू नका, वाफा जास्त सुटतात.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. बहुतेक फ्लॅटांमध्ये हे काम मालक करत नाहीत, मावशी करतात. मावशींना मोजे देणाऱ्या घरांची संख्या मोजायला दोन्ही हात लागत नाहीत. "त्यांना सवय आहे" हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. कातडीला ॲसिडची सवय होत नसते. कातडी राठ होते, भेगाळते, आणि त्या भेगांतून पुढच्या वेळी जास्त आत जातं. मोज्यांचा जोड आणा, त्यांच्या मापाचा आणा, आणि रविवारची सुट्टी मागितल्यावर जसा चेहरा होतो तसा करू नका.

फरशीवरचे सिमेंटचे डाग ॲसिडने निघतात म्हणे?

निघतात, फरशीसकट. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडलं की बुडबुडे येतात. तो दगड विरघळत असतो. चकाकी जाते ती जातेच. सिरॅमिक टाइलला चालतं, पण मधल्या सांध्यांचं सिमेंट खातं. नळाच्या क्रोमवरही उडू देऊ नका.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना दोन थेंब पँटवर उडाले. दिसत तर काहीच नाही.

धुवा, आत्ता. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं आणि ते हायड्रोक्लोरिकसारखं उडून जात नाही. पाणी उडतं, आम्ल मागे राहतं आणि दाट होत जातं. जीन्सवर आज डाग दिसत नाही. पुढच्या धुण्यानंतर तिथे मोहरीएवढी भोकं पडलेली सापडतात. सुती धागा ते असा खातं. कातडीवरही तेच करतं.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, चष्मा घाला, खोलीची खिडकी उघडा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ उदबत्ती किंवा सिगारेट नको. दाट ॲसिड पातळ करायची वेळ तुमच्यावर येऊ नये, पण आलीच तर नियम लक्षात ठेवा: पाण्यात ॲसिड, हळूहळू. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर येतं.

लिंबू आणि व्हिनेगर तर नैसर्गिक आहेत. चेहऱ्याला लावायला काय हरकत?

लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात, की ती अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं. दोन दिवसांनी लाल चट्टे, मग तपकिरी ओघळ, जिथून रस वाहिला तिथून. काही महिने राहतात. हळदीच्या आधी गोरं व्हायचं म्हणून लिंबू चोळणाऱ्या नवऱ्या मुलीला हा आहेर नको. व्हिनेगर कापसाला लावून तो तीळ किंवा पुरळावर रात्रभर बांधून ठेवला तरी कातडी भाजते.

चामखीळ जाळायला कुणी चुना-सोडा सांगतं, कुणी ॲसिडची काडी.

दोन्ही नाही. चामखीळ जाते, सोबत रुपयाएवढी कातडी जाते आणि वण कायमचा राहतो. शिवाय ती चामखीळच होती कशावरून? काळा, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला डाग जाळण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवला पाहिजे. ते सॅलिसिलिक आम्ल देतील तेव्हा तेही ॲसिडच असेल, पण मोजून दिलेलं.

बिब्बा उतला. हेही ॲसिडनेच भाजल्यासारखं आहे का?

दिसायला तसंच, पण गोष्ट वेगळी. बिब्ब्याच्या तेलाने अंगाला ॲलर्जी येते: खाज, फोड, पाण्याने भरलेले टपोरे पुरळ, कधी दुसऱ्या दिवशी. काजूही त्याच कुळातला. कोकणात, चंदगडला, गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात सोलतात ते टरफलातल्या तेलामुळे; त्यात ॲनाकार्डिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद असतात. तेल लागलेला हात चेहऱ्याला लावू नका, साबणाने नखांसकट धुवा, कपडे वेगळे धुवा. पापण्या सुजल्या किंवा फोड पसरले तर डॉक्टर. घरच्या घरी बाळाला बिब्ब्याचा चटका देणं तर थांबवाच.

सोनाराच्या दुकानात काम करतो. बोटं पिवळी झालीत, घासूनही जात नाहीत.

ते नत्राम्ल, म्हणजे नायट्रिक. कातडीतल्या प्रथिनांशी त्याची रासायनिक क्रिया होऊन तो पिवळा रंग तयार होतो. रंग कातडीच्या आतला आहे, वरचा थर झडला की जाईल. घासू नका. दुखत नसेल, फोड नसेल तर काळजी नाही, पण मोजे घालत नाही आहात एवढं त्यावरून कळतं.

जाता जाता: दारावर "दागिने उजळून देतो" म्हणत येणाऱ्यांकडे बहुधा अम्लराज असतं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं मिश्रण. त्यात सोनं विरघळतं. बांगडी चमकते आणि हलकी होते.

कुणी चुकून ॲसिड प्यायलं तर?

उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका एकदा भाजलेली असते, येताना दुसऱ्यांदा भाजेल. मिठाचं पाणी, सोडा, लिंबू काही पाजू नका. तोंड खळखळून धुऊन थुंकायला सांगा, बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देतं. ओठ आणि जीभ ठीक दिसतात म्हणून घरी थांबू नका, आतलं बाहेरून दिसत नाही, आणि अन्ननलिका पुढे काही आठवड्यांनी आकसू शकते.

दवाखान्यात कधी जायचं, कधी घरीच भागेल?

थोडी लाली, थोडी चुरचुर, नाण्याएवढी जागा, धुतल्यावर आग गेली: घरी चालेल. स्वच्छ सुती फडकं सैल बांधा आणि फोड आला तर फोडू नका. बाकी सगळं डॉक्टरांकडे: डोळे, चेहरा, हाताचे तळवे, सांधे, जननेंद्रियं, लहान मूल किंवा म्हातारं माणूस, ज्याला लागलंय त्याच्या तळव्याएवढी जागा, कारण बोटांसकट तळवा म्हणजे शरीराच्या कातडीचा सुमारे एक टक्का. आणि जखम पांढरी, राखाडी किंवा काळपट दिसतेय पण दुखत नाहीये, तर घाई करा. न दुखणं म्हणजे तिथल्या नसा जळाल्या आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

गंजाचे डाग घालवायच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते लागताना फारसं कळत नाही, काही तासांनी हाडापर्यंत ठणकतं आणि रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं. लेबलवर हे नाव दिसलं तर बाटली परत दुकानात ठेवा.

दुकानदार आधार कार्ड मागतो. एवढ्याशा ॲसिडला?

बरोबर करतो. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात आदेश दिला: ॲसिड विकताना दुकानदाराने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं सरकारी ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते लिहायचं, १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही. मोडलं तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. न विचारता देणारा दुकानदार चांगला आणि विचारणारा खडूस, हा आपला हिशेब उलटा करायला हवा.

कुणी मुद्दाम अंगावर फेकलं तर?

पाणी, कपडे, वीस मिनिटं, सगळं तेच. मग ११२. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही रुग्णालयाने अशा व्यक्तीवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे असतात, 'आधी एफआयआर आणा' असं म्हणता येत नाही; नकार देणं हाच गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ खाली गुन्हेगाराला किमान दहा वर्षं ते जन्मठेप होऊ शकते. पीडितेला किमान तीन लाख रुपये भरपाई २०१३ च्या त्याच आदेशात ठरली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. जळालेले कपडे धुऊ नका, वेगळ्या पिशवीत ठेवा, तो पुरावा आहे.

सुटं ॲसिड घरात आहेच. आता त्याचं काय करू?

दुसऱ्या बाटलीत ओतू नका, आणि कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवरच्या माणसाच्या हातावर फुटेल. थोडं असेल तर मोजे-चष्मा घालून, उघड्यावर, प्लास्टिकची बादली पाण्याने पाऊण भरा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नको. त्यात ॲसिड बारीक धारेने सोडा, मग चमचा चमचा खाण्याचा सोडा टाका, फसफसणं थांबेपर्यंत. ते पाणी संडासात ओतून दोनदा फ्लश करा. कॅन भरून असेल तर हा उद्योग नको; ज्या दुकानातून आणलंत तिथेच परत द्या. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र उघडू नका, नवी घेताना विक्रेता ती परत घेतो आणि पैसेही वळते करतो. रिकामी झालेली ॲसिडची बाटली तीनदा विसळा आणि बुडाला भोक पाडून टाका, म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी काही भरणार नाही.